‘कॅलिगारी’चा सेट आभासी जगात कसा उभारावा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

‘डॉ. कॅलिगारीची कॅबिनेट’ हा जर्मन मूकपट २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनमधील मार्मोरहाउस चित्रपटगृहात पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक होते रॉबर्ट वीने, आणि नेपथ्य हर्मान वार्म, वाल्टर रायमान व वाल्टर र्‍योरिग या तिघांचे होते. तिरप्या भिंती, टोकदार खिडक्या, वाकडीतिकडी धुराडी आणि जमिनीवर थेट रंगवलेल्या सावल्या यांतून त्यांनी होल्स्टनवाल नावाचे गाव उभे केले, आणि भयपटाच्या दृश्यभाषेवर त्या गावाचा ठसा आजही आहे. हे गाव आभासी वास्तवात उभारून त्यातून चालावे, अशी इच्छा त्रिमितीय कामाला नव्याने लागलेल्या अनेकांना होते. ती पुरी करण्याचा क्रम या लेखात दिला आहे. ब्लेंडर या त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरची प्राथमिक ओळख आणि गोडो, युनिटी किंवा अनरिअल यांपैकी एका गेम इंजिनाशी थोडी सलगी असली, तर एवढ्या तयारीवर काम सुरू करता येईल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. या चित्रपटाचा सेट राहण्यासाठी किंवा हिंडण्यासाठी बांधलेला नव्हता. तो कॅमेऱ्याच्या एका डोळ्यासाठी रंगवलेला होता. दूरवर जाणारी गल्ली ही बहुधा कापडावरची गल्ली असते, आणि जिना दोन-चार पायऱ्यांनंतर चित्र होऊन जातो. आभासी जगात मात्र प्रेक्षकाला दोन डोळे आणि हलणारे डोके असते, त्यामुळे ते डोके हातभर बाजूला गेले तरी कापड कापड म्हणून दिसू लागते. नवखा माणूस या क्षणी घाबरून प्रत्येक रंगवलेली वस्तू खरोखरीची त्रिमितीय करू पाहतो, आणि तिथेच मूळ सेट हातातून निसटतो. माझे मत असे आहे, की कापड लपवू नये. ज्या जागेवरून चित्र जुळून येते ती जागा प्रेक्षकाला द्यावी, आणि तिथून हलल्यावर ते कसे विस्कटते हेही त्याला पाहू द्यावे.

एकच सेट निवडा

संपूर्ण गावाचा ध्यास पहिल्या खेपेला धरू नये. मी वेड्यांच्या इस्पितळाचे अंगण सुचवतो. मागे कमानींची भिंत, आणि जमिनीवर मध्यापासून चहूकडे फाकत जाणारे रंगवलेले पट्टे, एवढीच त्याची मांडणी आहे. ते अंगण चित्रपटात अनेकदा येते, त्यातून माणसे मागेपुढे चालतात, आणि या चालण्याचा मापनासाठी फार उपयोग होतो. शिवाय नायकाने (जो शेवटी त्याच इस्पितळातला रुग्ण ठरतो) सांगितलेल्या कथेत आणि त्या कथेभोवतीच्या निवेदनातही तेच अंगण तसेच राहते. वेडेपणाची नजर संपल्यावरही जागा सरळ होत नाही, ही या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे, आणि ती अनुभवण्यासाठी त्या अंगणात स्वतः उभे राहण्यासारखे दुसरे काही नाही.

निवडीला एक तांत्रिक कारणही आहे. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ प्रतिष्ठानाने २०१४ मध्ये या चित्रपटाची ४के दर्जाची पुनर्संचयित प्रत तयार केली. ती मुख्यतः मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून केलेली आहे, मात्र त्या निगेटिव्हमध्ये पहिला अंक नाही आणि तो इतर प्रतींवरून भरून काढलेला आहे. साहजिकच नंतरच्या अंकांतल्या चौकटींमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रात, कुंचल्याचे फटकारे अधिक स्पष्ट मिळतात. म्हणून आपल्या सेटची संदर्भचित्रे शक्य तितकी पुढच्या भागातून घ्यावीत.

हक्कांची बाजू आधी पाहा

अमेरिकेत हा चित्रपट सार्वजनिक मालकीत आहे. युरोपीय संघात चित्रपटाच्या हक्काची मुदत दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि त्या चित्रपटासाठी संगीत रचणारा यांच्यापैकी शेवटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ७० वर्षे अशी मोजतात. वीने १९३८ मध्ये वारले, आणि पटकथाकारांपैकी कार्ल मायर १९४४ मध्ये व हान्स यानोविट्स १९५४ मध्ये वारले. नेपथ्याची रेखाटने मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाऊ शकतात, आणि हर्मान वार्म १९७६ पर्यंत हयात होते. पुनर्संचयित प्रतीवरही वेगळे हक्क असू शकतात. घरी शिकण्यासाठी केलेल्या कामात याची अडचण सहसा येत नाही, परंतु काम प्रसिद्ध करायचे किंवा विकायचे असेल तर आपल्या देशातील नियम जाणकाराकडून आधी तपासून घ्यावेत, आणि पुनर्संचयित प्रतीची चौकट जशीच्या तशी भिंतीवर चिकटवण्याऐवजी तिच्यावरून स्वतः रंगवावे.

माणसे पुसलेली चौकट मिळवा

या चित्रपटात कॅमेरा बहुतांश वेळ एका जागी स्थिर असतो, आणि ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे. एकाच शॉटमधून ठरावीक अंतराने ३० ते ५० चौकटी बाहेर काढाव्यात, त्या करड्या छटांमध्ये बदलून घ्याव्यात आणि प्रत्येक बिंदूसाठी (पिक्सेलसाठी) सर्व चौकटींतील मूल्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य, काढावा. इमेजमॅजिकसारख्या मोफत साधनात हे एका आज्ञेत होते. एखाद्या बिंदूवर माणूस निम्म्याहून कमी चौकटींत आलेला असला, तर मध्यकात तो नाहीसा होतो आणि मागची भिंत उरते. सरासरी मात्र काढू नये, कारण सरासरीत माणसाचे धुरकट भूत शिल्लक राहते.

त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. जुन्या फिल्ममध्ये चौकट किंचित डोलते, म्हणून सेटवरचे तीन-चार ठळक कोपरे धरून सर्व चौकटी एकमेकींवर जुळवून घ्याव्यात. प्रकाशही लुकलुकतो, तेव्हा चौकटींची उजळता एका पातळीवर आणावी. या दोन गोष्टी टाळल्या तर मध्यक काढल्यावर कडा मऊ पडतात, आणि या सेटचा सगळा जोर कडांवरच आहे. जो माणूस शॉटभर बसूनच राहतो, तो या युक्तीने जात नाही. त्याच्या मागचा भाग दुसऱ्या शॉटमधून घ्यावा किंवा हाताने रंगवावा, आणि तशी नोंद करून ठेवावी.

मोजमाप : रंगवलेल्या रेषांवर विश्वास ठेवू नका

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत या टप्प्यावर होते. छायाचित्रावरून कॅमेऱ्याची जागा काढण्यासाठी एफस्पायसारखे साधन वापरण्याची पद्धत आहे. त्यात समांतर कडांवर रेषा ठेवल्या की त्या जिथे मिळतात तो लोपबिंदू सापडतो. इथे तसे केले तर साधन निर्धास्तपणे चुकीचे उत्तर देईल, कारण या सेटवरच्या कडा समांतर नाहीतच. प्रत्येक खिडकीचा आणि प्रत्येक पट्ट्याचा लोपबिंदू चित्रकाराने मनाप्रमाणे ठेवलेला आहे. चौकटीत खरी मोजता येईल अशी गोष्ट एकच असते, आणि ती म्हणजे चालणारा माणूस.

एकाच नटाच्या दोन अवस्था निवडा : एकदा तो मागे उभा आहे, आणि एकदा पुढे. दोन्ही ठिकाणी तो ताठ उभा असावा आणि त्याची पावले दिसावीत. दोन्ही डोक्यांना जोडणारी एक रेषा आणि दोन्ही पावलांना जोडणारी दुसरी रेषा काढा. या रेषा वाढवल्यावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खरे क्षितिज असते. क्षितिजाची ती आडवी पातळी नटाच्या शरीराला जिथे कापते, तितक्या उंचीवर कॅमेरा होता. ती छातीवरून जात असेल, तर कॅमेरा छातीच्या उंचीवर होता. रंगवलेल्या शंभर रेषा काहीही सांगोत, ही एक पातळी आपल्याला खरे सांगते.

आता अंतर काढू. मूकपटाच्या काळातील ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रतिमा साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच असे, आणि ५० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग सर्रास वापरात होते. आपली चौकट १४४० बाय १०८० बिंदूंची आहे असे धरले, तर भिंगाचे नाभीय अंतर (इथे ५० मिलिमीटर) बिंदूंमध्ये १४४० गुणिले ५० भागिले २४, म्हणजे ३००० येते. नटाची उंची १.७५ मीटर धरू. पुढे उभा असताना तो पडद्यावर ८७५ बिंदू उंच भरला, तर ३००० गुणिले १.७५ भागिले ८७५, म्हणजे तो कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आहे. मागे तो ५८३ बिंदू उंच भरला, तर तो ९ मीटरवर आहे, आणि त्या दोन जागांमध्ये ३ मीटर खोली आहे. ९ मीटरवर कॅमेऱ्याला दिसणारी रुंदी ९ गुणिले २४ भागिले ५० या हिशेबाने सुमारे ४.३ मीटर येते.

हे उत्तर पटण्यासारखे आहे की नाही, हे तपासायलाही आधार आहे. चित्रीकरण बर्लिनच्या वायसेनझे भागातील लिक्सी स्टुडिओत झाले. ती जागा लहान होती, आणि बहुतेक सेट ६ मीटरपेक्षा अधिक रुंद किंवा खोल नव्हते. तुमच्या हिशेबात अंगण १५ मीटर खोल येत असेल, तर भिंगाचा अंदाज किंवा नटाची उंची चुकली आहे, किंवा नकळत रंगवलेल्या खोलीलाच खरी खोली समजले गेले आहे. बहुतेक वेळा शेवटचेच कारण निघते.

भिंती उभ्या करा, पण फ्लॅट म्हणूनच

ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी २४ मिलिमीटर व भिंग ५० मिलिमीटर ठेवावे, कॅमेरा काढलेल्या उंचीवर ठेवावा आणि माणसे पुसलेली चौकट त्याच्या पार्श्वभूमीला लावावी. मग सपाट जमीन घालावी आणि प्रत्येक भिंत जिथे जमिनीला टेकते ती कड धरून तिथे एक साधा सपाट फ्लॅट (नाटकात असतो तसा लाकडी चौकटीवरचा रंगवलेला पडदा) उभा करावा. फ्लॅटला दोन-तीन सेंटिमीटर जाडी द्यावी, आणि मागच्या बाजूला लाकडी चौकटीचा आभास पुरेसा होतो. करवतीच्या दात्यांसारख्या बाह्यरेषा पारदर्शक चित्राने न दाखवता फ्लॅटची जाळी (मेश) त्या रेषेवर खरोखर कापावी. या कामात बहुभुजांची संख्या अगदी कमी असते, त्यामुळे ती वाढली तरी बिघडत नाही. उलट एकावर एक आलेले पारदर्शक थर हेडसेटला जड जातात.

त्यानंतर त्याच कॅमेऱ्यातून चौकट फ्लॅटवर आणि जमिनीवर प्रक्षेपित करावी. प्रक्षेपणाआधी जमिनीचे ४० बाय ४० असे तुकडे पाडावेत, अन्यथा मोठ्या चौकोनावर चित्र वेडेवाकडे ताणले जाते. प्रक्षेपण झाल्यावर वरून पाहिले, म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. कॅमेऱ्यातून सुबक किरणांसारखे वाटणारे पट्टे वरून पाहताना लांबलचक पाचरींसारखे होतात, आणि भिंतीवरून जमिनीवर उतरणारा पट्टा सांध्यापाशी चक्क मोडतो. तो मोड दुरुस्त करू नये. भिंत आणि जमीन यांमधला सांधा नजरेतून पुसून टाकण्यासाठीच चित्रकाराने तो तसा ओढलेला आहे. तुरुंगाच्या कोठडीत हीच युक्ती अधिक निर्दयपणे वापरली आहे : तिथे भिंतीवरचे टोकदार पट्टे निमुळते होत खाली येतात आणि साखळदंडात बसलेल्या कैद्याकडे नजर ओढून नेतात.

दूरची जमीन कॅमेऱ्याला फार तिरकी दिसत असल्याने तिथे मूळ तपशील थोडाच मिळतो. तो भाग यंत्राने ताणून भरू नये. जवळच्या फटकाऱ्यांचा अभ्यास करून त्याच जाडीच्या कुंचल्याने हाताने रंगवावा. सगळीकडे ४०९६ बिंदूंचे पोत (पृष्ठभागावर चढवायची चित्रे) वापरण्याचे कारण नाही. प्रेक्षक ज्याच्याजवळ जाणार त्याला मोठा पोत द्यावा, बाकीच्यांना २०४८ पुरतो.

रंग आणि प्रकाश

मूळ सेटचे रंग पडद्यावरून ओळखता येत नाहीत. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल काळपट दिसे आणि निळा फिकट. म्हणून पोत करड्या छटांमध्येच ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरते. प्रदर्शित प्रतींना जे रंग दिसतात, उदाहरणार्थ रात्रीच्या प्रसंगांचा निळा, ते फिल्म रंगद्रावणात बुडवून संपूर्ण चौकटीला दिलेले असत. ते हवे असतील तर पूर्ण दृश्यावर शेवटचा थर म्हणून द्यावेत, भिंतींच्या पोतात मिसळू नयेत.

प्रकाशाच्या बाबतीत नेहमीची सवय उलटी करावी लागते. एरवी आपण वस्तू बनवतो आणि सावली इंजिनावर सोडतो. इथे सावली आधीच रंगवलेली आहे. इंजिनाने तिच्यावर स्वतःची सावली टाकली, तर दोन्ही खोट्या वाटतात. म्हणून रंगवलेल्या फ्लॅटना आणि जमिनीला प्रकाशाचा परिणाम न होणारे मटेरिअल द्यावे. खुर्च्या, उंच स्टूल अशा खऱ्या वस्तूंना साधे खरखरीत मटेरिअल आणि समोरून येणारा एक मऊ दिवा पुरतो, आणि त्या जमिनीपासून तरंगत असल्यासारख्या वाटू नयेत म्हणून त्यांच्या पायथ्याशी धूसर काळा डाग रंगवावा. ब्लेंडरमध्ये रंगदर्शन (व्ह्यू ट्रान्सफॉर्म) ‘स्टँडर्ड’वर ठेवावे आणि इंजिनातील आपोआप बदलणारे एक्सपोजर व टोनमॅपिंग (उजळतेच्या छटा बदलणारी प्रक्रिया) बंद करावे. हे राहून गेले, तर काळा राखाडी पडतो आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

याला एक अपवाद आहे. नायकाचा मित्र ॲलन याच्या खुनाच्या प्रसंगात भिंतीवर दिसणारी सावली रंगवलेली नाही, ती खऱ्या देहांची आहे. रंगवलेल्या सावल्यांच्या जगात हलणारी सावली येते म्हणूनच ती इतकी भेदक वाटते. पुढे कधी ती खोली उभारली, तर तिथे मात्र खालून येणारा एक खरा, तीक्ष्ण दिवा ठेवावा.

हेडसेटमध्ये लवकर जा

पोत चढवण्याआधी, करड्या ठोकळ्यांच्या अवस्थेतच एकदा हेडसेट घालून आत उभे राहावे. नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून ज्या अवाजवी उंच स्टुलावर बसतो, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष उंचीत उभे राहिल्यावर दोन मिनिटांत जे कळते, ते पडद्यावर तासभर पाहूनही कळत नाही. भिंती कितीही झुकलेल्या असल्या तरी पावलांखालची जमीन पूर्ण सपाट ठेवावी, कारण जमीन आणि क्षितिज दोन्ही कलले की अनेकांना मळमळते. फिरण्यासाठी ठिकाणावरून ठिकाणी झेप घेण्याची सोय द्यावी, आणि सेकंदाला किमान ७२ चौकटींचा वेग कुठेही ढळू देऊ नये. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा हेडसेटमध्ये लखलखतात. ते टाळण्यासाठी पोतांचे मिपमॅप (दूरून वापरायच्या लहान आवृत्त्या) चालू ठेवावेत, जमिनीच्या पोताला ॲनिसोट्रॉपिक गाळणी (तिरका दिसणारा पोत स्पष्ट ठेवणारी) ८ वर ठेवावी आणि कडा गुळगुळीत करणारे ४ पटींचे मल्टिसँपलिंग घ्यावे.

आवाज फार थोडा असावा. लाकडी फळ्यांवरची पावले, आणि कापडी भिंतींमध्ये न घुमता विझून जाणारा आवाज, एवढ्याने जागा खरी वाटते.

माहीत असलेले आणि कल्पिलेले वेगळे ठेवा

चौकटीच्या डावीकडे काय होते, हे चित्रपट दाखवत नाही. प्रेक्षक मात्र तिकडे मान वळवणारच. अशा प्रत्येक भागाची तीन प्रकारांत नोंद ठेवावी : चौकटीत दिसलेले, दिसलेल्यावरून अनुमानलेले आणि निव्वळ कल्पिलेले. वारसा-दृश्यांकनासाठी केलेल्या लंडन चार्टरच्या २००९ च्या आवृत्तीत असे निर्णय लिहून ठेवण्यावर भर आहे, आणि तो भर योग्यच आहे. माझ्या मते कल्पिलेला भाग रंगवूच नये. तिथे न रंगवलेले कोरे कापड किंवा फ्लॅटची उघडी पाठ दिसू द्यावी, म्हणजे सेट कुठे संपतो ते प्रेक्षकाला कोणी न सांगताच समजते.

कॅमेऱ्याची जागा प्रेक्षकाला द्या

शेवटचे काम म्हणजे प्रारंभस्थान. प्रेक्षकाने बरोबर त्याच ठिकाणी डोळे उघडावेत, जिथे छायालेखक विली हामाइस्टर यांचा कॅमेरा होता. तिथे जमिनीवर खडूची खूण काढावी. पण प्रत्येकाची उंची वेगळी असते, आणि डोळे कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा हातभर वर गेले तरी भिंत व जमीन यांमधला सांधा उघडा पडतो. त्यावर सोपा उपाय आहे : कॅमेऱ्याच्या नेमक्या उंचीवर, चारास तीन प्रमाणाची एक लाकडी चौकट उभी करावी आणि तिच्यातून पाहण्यासाठी प्रेक्षकाला आपसूक वाकावेसे किंवा टाचा उंचवाव्याशा वाटावे एवढी ती लहान ठेवावी. हा चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या माणसाला तिथे उभे करावे आणि काहीही न सांगता त्याचे डोके कुठे स्थिरावते ते पाहावे. डोके चौकटीपाशी स्थिरावत नसेल, तर चौकट अर्ध्या वितीने पुढे किंवा मागे सरकवून पुन्हा पाहावे.